घरच्या स्टुडिओसाठी व्हर्च्युअल पियानो, ऑर्गन आणि पेटी: कमी पैशात काय घ्यावं, काय घेऊ नये

सोलापुरात साखर पेठेत किंवा अशोक चौकाच्या आसपास राहणाऱ्याला घरी पेटी रेकॉर्ड करायची म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. मायक्रोफोन लावला की पेटीच्या आधी यंत्रमागाची खटखट आत येते. व्हर्च्युअल कीबोर्ड वाद्यांचा आपल्याकडे सगळ्यात मोठा फायदा हाच आहे की मायक्रोफोन लागतच नाही. भर दुपारी शेजारी माग चालू असतानाही पियानो वाजवा, ट्रॅक स्वच्छ येतो. गाणाऱ्याचा आवाज तेवढा माग थांबल्यावर घ्यायचा.

व्हर्च्युअल वाद्य म्हणजे कॉम्प्युटरमध्ये बसवायचं सॉफ्टवेअर. तुम्ही कीबोर्डवर पट्टी दाबली की कोणती पट्टी, किती जोरात आणि किती वेळ दाबली एवढाच निरोप कॉम्प्युटरकडे जातो. आवाज कोणता काढायचा ते सॉफ्टवेअर ठरवतं. या निरोपांच्या भाषेला मिडी म्हणतात. ती १९८३ सालची आहे आणि अजून तीच चालते, म्हणून घरातला जुना कीबोर्डही बहुधा उपयोगी पडतो.

भजनी मंडळाचे अभंग, स्वामींची गाणी, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत निघणारी सिद्धेश्वरांची गीतं, लग्नाच्या ऑर्केस्ट्रासाठी ट्रॅक असं काही घरी करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. पहिली चार-पाच गाणी पूर्ण होईपर्यंत वाद्यांवर एक रुपयाही घालू नका. हातात जे पैसे आहेत ते हेडफोन, इंटरफेस (मायक्रोफोन आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारी डबी) आणि एसएसडीवर (फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) जाऊ द्या.

काय काय लागेल

- ६४-बिट विंडोज किंवा मॅक, किमान ८ जीबी रॅम. १६ असेल तर डोकेदुखी निम्मी.
- एसएसडीवर ३०-४० जीबी मोकळी जागा
- मिडी पाठवू शकणारा कोणताही कीबोर्ड आणि त्याची यूएसबी केबल
- दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस
- तारेचा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन
- सस्टेन पेडल, म्हणजे स्वर लांबवणारं पायाचं पेडल (पियानो वाजवणार असाल तरच)
- फक्त सॉफ्टवेअरच्या नोंदणीसाठी वेगळा ईमेल आयडी
- विद्यार्थी किंवा शिक्षक असाल तर ओळखपत्र आणि बोनाफाईड. बऱ्याच कंपन्या त्यावर चांगली सवलत देतात.

१. आधी गाण्याची यादी, मग वाद्याची

कागद घ्या आणि पुढच्या तीन गाण्यांत कोणते आवाज लागणार ते लिहा. अभंगाला पेटी, खाली धरून ठेवायला एखादा मऊ पॅड (मागे सतत भरून राहणारा सिंथेसायझरचा आवाज), फार तर स्ट्रिंग्ज. भावगीताला पियानो किंवा इलेक्ट्रिक पियानो. ऑर्केस्ट्राच्या गाण्यांना ब्रास, सिंथ आणि ऐंशीच्या दशकातला तो घंटेसारखा इलेक्ट्रिक पियानो. यादी चार-पाच आवाजांच्या पुढे जात नाही. मग दोन हजार आवाजांचा संच ‘आज ऐंशी टक्के सूट’ म्हणून समोर आला तरी हात आवरता येतो.

२. लॅपटॉप तपासा

व्हर्च्युअल वाद्यं दोन जातींची असतात. पहिल्या जातीत खऱ्या वाद्याचा एकेक स्वर रेकॉर्ड करून ठेवलेला असतो. ही सॅम्पल केलेली वाद्यं जागा आणि रॅम खातात. दुसऱ्या जातीत तार, हातोडी, लाकूड यांचं गणित मांडून आवाज त्या क्षणी तयार केला जातो. ही डिस्कवर जवळपास जागा घेत नाहीत, पण प्रोसेसरला राबवतात. तुमच्याकडे जागा कमी आणि प्रोसेसर बरा असेल तर दुसरी जात सोयीची. उलट असेल तर पहिली.

जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर सॅम्पलची वाद्यं ठेवलीत तर स्वर अडखळतात. नवा लॅपटॉप घेण्याआधी त्यात एसएसडी घालून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानं काम भागतं.

आता आपल्या गावची खास गोष्ट. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर गेला की लॅपटॉप स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग उतरवतो आणि वाजवताना कडकड आवाज यायला लागतो. लोकांना वाटतं सॉफ्टवेअर खराब आहे. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खाली हवा जाऊ द्या आणि पॉवर सेटिंग पूर्ण क्षमतेवर ठेवा. वाद्य वाजवताना पंखा खुशाल फुल करा, मायक्रोफोन बंदच आहे.

लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर काम करणार असाल तर तो साइन वेव्हचा आहे का पाहा. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर स्पीकरमधून घूं असा आवाज येत राहतो.

३. घरातला कीबोर्ड उलटा करून मागची बाजू बघा

नवा मिडी कीबोर्ड घेण्याआधी हे कराच. सोलापुरात ऑर्केस्ट्रामुळे आणि क्लासेसमुळे घराघरांत यामाहा किंवा कॅसिओचा एखादा कीबोर्ड पडलेला असतो. त्याच्या मागे ‘यूएसबी टू होस्ट’ असं लिहिलेलं चौकोनी भोक असेल तर तुमचे सहा-सात हजार वाचले. प्रिंटरला लागते तीच केबल त्याला चालते. नव्या पेठेत कॉम्प्युटरच्या कोणत्याही दुकानात मिळते.

इथे लोक हमखास फसतात. ‘यूएसबी टू डिव्हाइस’ असं लिहिलेलं चपटं भोक पेनड्राइव्हसाठी असतं. त्यातून लॅपटॉपला काही जात नाही. यूएसबी अजिबात नसेल, पण पाच टाचण्यांची गोल मिडी सॉकेट असेल, तर मिडी ते यूएसबी केबल लागते. ती अगदी स्वस्तातली घेऊ नका, भरभर वाजवलं की मधले स्वर गळतात.

‘टच रिस्पॉन्स’ आहे का तेही बघा. पट्टी हळू दाबली की आवाज लहान आणि जोरात दाबली की मोठा येत असेल तर आहे. सर्वात स्वस्त मॉडेलांत ही सोय नसते. पेटी आणि ऑर्गनला तिची गरज नाही, पियानोला मात्र आहे.

कीबोर्ड जोडल्यावर दोन आवाज ऐकू येतात, एक कीबोर्डचा स्वतःचा आणि एक लॅपटॉपचा. कीबोर्डचा आवाज शून्य करा किंवा त्याच्या मेनूत ‘लोकल कंट्रोल’ बंद करा.

नवा घ्यायचाच असेल तर पियानोसाठी किमान ४९ पट्ट्या, शक्यतो ६१. पंचवीस पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड सुरावट टिपायला बरा, दोन हातांनी वाजवायला अपुरा. खऱ्या पियानोसारख्या जड ८८ पट्ट्या हव्या असतील तर हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाऊन हातानं वाजवून बघा. पट्टीचं वजन फोटोत कळत नाही.

४. वाद्य उघडायला घर हवं

व्हर्च्युअल वाद्य बहुधा रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या आत उघडतं. मॅकवर गॅरेजबँड फुकट आहे. विंडोजवर रीपर घ्या. ते ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि घरगुती परवाना ६० डॉलरचा आहे. हलकं आहे, जुन्या लॅपटॉपवरही पळतं. दिसायला रुक्ष आहे हे खरं.

विंडोजवर वाद्य व्हीएसटी प्रकारचं लागतं, गॅरेजबँडला ऑडिओ युनिट प्रकारचं. डाउनलोड करण्याआधी तेवढं वाचा. जुन्या साइटवरचं ३२-बिट वाद्य सापडलं तर सोडून द्या, आजच्या सॉफ्टवेअरमध्ये ते बसवण्याची खटपट त्या आवाजाच्या लायकीपेक्षा जास्त असते.

५. ‘आवाज लेट यायलाय’

नव्या माणसाची पहिली तक्रार हीच असते. पट्टी दाबली आणि स्वर मागून आला. याला लेटन्सी म्हणतात आणि तिचं मूळ बफर नावाच्या सेटिंगमध्ये असतं, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी किती आवाज साठवून मग बाहेर सोडतो त्यात. ४४.१ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २.९ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.८, ५१२ म्हणजे ११.६ आणि १०२४ म्हणजे २३. इंटरफेसचा थोडा उशीर त्यात आणखी मिळतो. वाजवताना १२८ किंवा २५६ ठेवा. वाजवून झाल्यावर मिक्सिंगला १०२४ करा, म्हणजे लॅपटॉपला श्वास घेता येईल.

विंडोजवर हे जमायला एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे इंटरफेसशी कमी उशिरात बोलणारं छोटं सॉफ्टवेअर लागतं. चांगल्या इंटरफेसबरोबर तो कंपनीचाच येतो. अगदी स्वस्त इंटरफेसना स्वतःचा नसतो, म्हणून विकत घेण्याआधी विचारा. इंटरफेस नसेल तोवर एएसआयओफॉरऑल नावाचा फुकट ड्रायव्हर वापरून दिवस काढता येतात.

ब्लूटूथ हेडफोन लावून कधीही वाजवू नका. त्यातला उशीर शंभर मिलिसेकंदांच्याही पुढे जातो आणि कोणतीही सेटिंग तो घालवू शकत नाही. इतर सगळं ठीक असून लेटन्सी जात नसेल तर दहापैकी सात वेळा कानात ब्लूटूथ असतो.

६. फुकटातली वाद्यं, आणि तीही चांगली

पियानो: सॅलमँडर ग्रँड पियानो. यामाहा सी५ या खऱ्या ग्रँड पियानोवरून, सोळा वेगवेगळ्या जोरांनी स्वर वाजवून रेकॉर्ड केलेला. तो उघडायला स्फोर्झांडो नावाचा फुकट प्लेअर लागतो. आवाज थोडा उजळ आहे. गाण्याच्या मागे वाजवताना ते पथ्यावरच पडतं.

वेगळ्या स्वभावाचे पियानो: डिसेंट सॅम्पलर हा फुकट प्लेअर घ्या आणि पियानोबुक या साइटवर जा. लोकांनी आपापल्या घरचे जुने, किंचित बेसूर, धूळ खाल्लेले पियानो तिथे रेकॉर्ड करून ठेवले आहेत. बरेचसे टाकाऊ आहेत. पण एखादा असा सापडतो की भावगीताच्या सुरुवातीला त्याचे चार स्वर पुरतात.

इलेक्ट्रिक पियानो: डेक्सेड. १९८३ मध्ये आलेल्या यामाहा डीएक्स७ ची ही नक्कल आहे. ऐंशीच्या दशकातल्या सिनेसंगीताचा तो चकचकीत आवाज हवा असेल तर पैसे देऊन दुसरं काही घ्यायचं कारण नाही.

ऑर्गन: सेटबीफ्री. हॅमंड ऑर्गनच्या नऊ सरकपट्ट्या आणि फिरत्या स्पीकरची लहर, दोन्ही त्यात आहेत.

पॅड आणि सिंथ: सर्ज एक्सटी आणि व्हायटल. सर्ज पूर्वी विकत मिळायचं, २०१८ मध्ये मूळ कर्त्यानं ते सगळ्यांसाठी खुलं केलं. या दोघांत मिळून पॅडचा प्रश्न कायमचा मिटतो. सर्ज आधी घ्या, कारण पेटीच्या वेळी त्याचा आणखी एक उपयोग होणार आहे.

ही सगळी एकाच रात्री उतरवून घेऊ नका. एक पियानो, एक पॅड, आणि यादीत असेल तर ऑर्गन. उरलेलं गरज पडेल तसं.

७. पेटी: इथे घाई नको

आपल्याकडच्या नव्वद टक्के कामाला पेटी लागते आणि व्हर्च्युअल वाद्यांत सगळ्यात जास्त निराशा तीच करते. बहुतेक वेळा दोष सॉफ्टवेअरपेक्षा वाजवण्यात असतो. पियानोची सवय पेटीला लावली की ती खेळण्यासारखी ऐकू येते.

पहिलं म्हणजे जोर. खऱ्या पेटीत पट्टी जोरात दाबल्यानं आवाज वाढत नाही, तो भात्यानं वाढतो. म्हणून व्हेलॉसिटी (पट्टी दाबण्याचा जोर) एका ठरावीक आकड्यावर बांधून टाका, समजा १००. आवाजाचा चढउतार मिडीच्या कंट्रोलर ११ वर, म्हणजे एक्स्प्रेशनवर द्या. त्याला मॉड्युलेशनचं चाक किंवा एक्स्प्रेशन पेडल जोडता येतं. डावा हात चाकावर ठेवून सुरावटीबरोबर सावकाश वरखाली करा. भात्यावरचा हात जसा ओळ संपताना सैल पडतो तसाच हाही पडला पाहिजे.

दुसरं, सस्टेन पेडल काढून ठेवा. पेटीला ते नसतं. स्वर जोडायचे ते बोटांनीच.

तिसरं, पिच बेंडच्या चाकाला हात लावू नका. पेटीवर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही. सॉफ्टवेअरमध्ये ती निघाली की जाणकाराला लगेच खोटं कळतं. मींड हवी असेल तर ती बासरीला किंवा सारंगीच्या आवाजाला द्या.

चौथं, सूर-पट्ट्यांची जोडी. खर्ज-नर (खालचा आणि मधला सूर) असा जोड देणारं वाद्य निवडा किंवा तोच ट्रॅक एक सप्तक खाली हलक्या आवाजात पुन्हा लावा. एकेरी सूर अभंगाला कोरडा वाटतो.

पाचवं, गाण्याची पट्टी. गायिका काळी चारमध्ये गाते आणि तुमचा हात पांढरी एकवर बसलेला आहे, तर ट्रान्सपोज (सगळे स्वर एकदम सरकवणं) उणे चार करा. पण एकाच जागी. कीबोर्डवरही उणे चार आणि सॉफ्टवेअरमध्येही उणे चार केलंत तर गाणं भलतीकडे जातं आणि कारण शोधण्यात संध्याकाळ संपते. मी नेहमी सॉफ्टवेअरमध्येच करते, कारण ते फाईलबरोबर जपलं जातं.

आता जरा खोलातलं. कीबोर्डचा शुद्ध गंधार आणि तानपुऱ्यात ऐकू येणारा गंधार एक नसतो. तानपुऱ्याचा गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर आहे (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग), कीबोर्डचा ४०० वर. चौदा सेंटचा फरक कानाला कळतो. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीला आपल्या केंद्रांवर मज्जाव केला होता, त्यामागच्या आक्षेपांत हाही एक होता. सर्ज एक्सटीमध्ये स्काला नावाच्या फाईलींनी स्वरांची जागा बदलता येते. अभंगाच्या मागे पॅड किंवा सूर धरून ठेवायचा असेल तर त्याला शुद्ध स्वरांची फाईल द्या आणि मूळ स्वर तुमच्या षड्जावर ठेवा. गायकाला सूर लावणं सोपं जातं. एक अट आहे. त्याच गाण्यात साध्या ट्यूनिंगचा पियानो असेल तर हे करू नका, दोघांचे गंधार एकमेकांशी भांडतील.

आणि हे सगळं करूनही, घरात जर चांगली पेटी असेल आणि वाजवणारा असेल, तर रात्री रजया-चादरींच्या आडोशाला मायक्रोफोन लावून तीच रेकॉर्ड करा. सोलापुरात चादरींना तोटा नाही. व्हर्च्युअल पेटी ही वादक नसेल तेव्हाची, किंवा कच्च्या ट्रॅकपुरती सोय आहे.

८. आता पैसे घालायचेच असतील तर

फुकटचा पियानो वापरून कंटाळा आला, हे कारण पुरेसं नाही. ‘या गाण्यात मला हळू वाजवलेला मऊ स्वर हवा आहे आणि तो इथे निघत नाही’ असं नेमकं वाक्य तुम्हाला सांगता आलं की खरेदीची वेळ आली.

एकच घ्यायचं तर मी पियानोटेकची सर्वात लहान आवृत्ती सुचवेन. हे गणितानं आवाज तयार करणारं वाद्य आहे. जागा जेमतेम काही एमबी, त्यामुळे लहान एसएसडीच्या लॅपटॉपला सोयीचं. किंमत शंभर ते दीडशे युरोंच्या दरम्यान असते. चाचणीची आवृत्ती फुकट मिळते. तिच्यात काही स्वर बंद असतात आणि वीस मिनिटांनी ती थांबते. सॅम्पलच्या पियानोची सवय असलेल्या काही जणांना त्याचा आवाज कोरडा वाटतो, म्हणून आधी तुमच्याच गाण्यात लावून बघा.

मोठ्या नावांच्या मोहात पडू नका. कीस्केप या कीबोर्ड वाद्यांच्या संचाची कीर्ती खरी आहे, पण किंमत ४०० डॉलर आणि जागा ७७ जीबी. घरच्या स्टुडिओला ते पहिल्या वर्षी नको.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते कॉन्टॅक्ट या सॅम्पल वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत. कॉन्टॅक्ट प्लेअर फुकट आहे, पण बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त संचांना पूर्ण, विकतचं कॉन्टॅक्ट लागतं. पाचशे रुपयांचा संच घेतला, तो प्लेअरमध्ये काही मिनिटं वाजला आणि बंद पडला, असं होतं. संचाच्या पानावर ‘पूर्ण आवृत्ती आवश्यक’ ही ओळ बारीक अक्षरांत असते. ती शोधा.

खरेदीच्या वेळी:

- ही दुकानं परदेशी असतात. यूपीआय बहुधा चालत नाही. २०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानंतर नव्या कार्डांवर आंतरराष्ट्रीय आणि ऑनलाइन व्यवहार आपणहून सुरू करावे लागतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ते सुरू करा, मर्यादा लहान ठेवा, काम झालं की बंद करा.
- दाखवलेल्या किमतीवर कर आणि बँकेचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं लागतं. हिशोब रुपयांत करूनच पुढे जा.
- किती कॉम्प्युटरवर चालतं, आयलॉक (परवाना तपासणारी वेगळी व्यवस्था) लागतं का, दुसऱ्याला विकता येतं का, हे तीन प्रश्न आधी विचारा.
- नोव्हेंबरच्या अखेरीस सूट मोठी असते. घाई नसेल तर तोवर थांबा.
- पावती त्या वेगळ्या ईमेलवर येऊ द्या.

९. पेनड्राइव्हमधला खजिना नको

‘सगळं भरून देतो’ म्हणणारा माणूस प्रत्येक गावात असतो. चोरीच्या प्लगइनबरोबर (प्लगइन म्हणजे हीच सॉफ्टवेअरमधली वाद्यं) लॅपटॉपमध्ये काय काय येतं ते त्यालाही माहीत नसतं, आणि ऐन रेकॉर्डिंगच्या दिवशी ते बंद पडलं तर दाद मागायला जागा नाही.

फुकट वाद्यांचाही परवाना वाचा. स्वतः वाजवलेले स्वर यूट्यूबवर टाकायला बहुतेक ठिकाणी मोकळीक असते, काही ठिकाणी नावाचा उल्लेख करावा लागतो. तयार लूपचं, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायच्या आयत्या तुकड्यांचं, तसं नाही. तोच लूप आणखी कुणी आधी वापरून नोंदवला असेल तर तुमच्या अभंगावर दुसऱ्याचा दावा येऊ शकतो.

१०. गाण्यात बसवणं

एकटा वाजवताना भरदार वाटणारा पियानो गाण्यात गायकाला दाबून टाकतो. साधारण १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापा, पखवाज आणि तबल्याच्या डग्ग्याला जागा मिळेल. रिव्हर्ब, म्हणजे खोलीत आवाज घुमल्याचा परिणाम, सगळ्या वाद्यांना एकच द्या. पियानो हुतात्मा स्मृती मंदिराच्या नाट्यगृहात आणि पेटी न्हाणीघरात वाजते आहे असं व्हायला नको. शेवटी मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, कारण ऐकणारे तिथेच ऐकणार आहेत.

गाणं पूर्ण झालं की प्रत्येक वाद्याचा ट्रॅक वेव्ह फाईलमध्ये काढून ठेवा, प्लगइन पुढे चालेल याचा भरवसा नसतो. मिडी फाईलही त्याच फोल्डरमध्ये राहू द्या. पुढच्या वर्षी गायिका बदलली आणि पट्टी काळी चारची काळी पाच झाली, तर मिडी उचलून दोन अर्धस्वर वर सरकवता येते. वेव्हची तशी ओढाताण केली तर आवाज फाटतो.